हातमाग आणि दारिद्र्य



दारिद्र्याचे चित्र काढणे तसे अवघड नाही. फाटके वस्त्र, खोल गेलेले डोळे, पुढे पसरलेला हात एवढी सामग्री जमविली, की पाहणारा हळहळतो आणि पुढच्या चित्राकडे वळतो. एकोणिसाव्या शतकातील युरोपात अशी चित्रे विपुल छापली गेली. गुस्ताव्ह डोरे या फ्रेंच चित्रकाराचे लंडनवरील पुस्तक १८७२ साली निघाले. त्यातील एका चित्रात आगगाडीच्या पुलाच्या कमानीतून घरांच्या मागील अरुंद अंगणांची रांग दिसते आणि त्यांत मुंग्यांसारखी माणसे. चित्र प्रभावी आहे, हे मी नाकारीत नाही. परंतु ही माणसे पोटासाठी काय करतात, आणि तरीही अशी का राहतात, हा प्रश्न तेथे उपस्थितच होत नाही.

तो प्रश्न केटे कोलविट्झ या जर्मन चित्रकर्त्रीने उपस्थित केला. तिचा पती बर्लिनच्या कामगारवस्तीत डॉक्टर होता. १८९३ साली तिने हाउप्टमानचे ‘विणकर’ हे नाटक पाहिले. १८४४ च्या जून महिन्यात सायलेशियातील विणकरांनी केलेला उठाव हा त्याचा विषय. यंत्राच्या कापडापुढे हातमाग टिकेना, व्यापारी मजुरी उतरवीत गेले. अखेरीस विणकरांनी एका व्यापाऱ्याचे घर लुटले. लष्कर आले, गोळीबार झाला, अकरा माणसे मेली.

चार वर्षे खपून तिने सहा चित्रे पुरी केली. सारीच तांब्याच्या पत्र्यावर करण्याचा तिचा विचार होता. पत्र्यावर मेणाचा लेप द्यावयाचा, सुईने तो खरवडून रेघ काढावयाची, मग पत्रा तेजाबात ठेवावयाचा. मेण गेलेल्या जागी तेजाब धातू खाते आणि त्या खाचेत शाई बसते. हे तंत्र तिच्या हातात अजून पुरते बसले नव्हते, म्हणून पहिली तीन चित्रे तिने दगडावर केली. आपल्या जुन्या पोथ्या ज्या शिळाछापावर निघत, तोच हा प्रकार.

पहिले चित्र पाहा. ठेंगणी, काळोखी खोली. अंथरुणावर आजारी मूल, त्याच्याशेजारी डोके दोन्ही हातांत धरून बसलेली आई. आणि त्याच खोलीत, जागा अडवून, हातमाग! घरात काम आहे आणि तरीही अन्न नाही. माझ्या मते साऱ्या मालिकेचे मर्म या मागात आहे. माग पुसून टाका, म्हणजे उरेल ती नुसती दुःखी माता. तिला भिक्षा घालता येते. मागासहित असलेल्या बाईचे देणे लागते.

पुढे मृत्यू येतो, मसलत होते, मोर्चा निघतो. त्या मोर्चात कुऱ्हाडी घेतलेल्या पुरुषांबरोबर एक स्त्री पाठीवर निजलेले मूल घेऊन चालते आहे. मग श्रीमंताच्या नक्षीदार फाटकापुढे बायका फरसबंदीचे दगड उपटतात. शेवटच्या चित्रात आपण पुन्हा विणकराच्या घरात येतो. प्रेते आत आणली जात आहेत, त्यांना मागाशेजारी जमिनीवर ठेवले आहे.

१८९८ साली बर्लिनच्या प्रदर्शनात ही मालिका मांडली गेली. वृद्ध चित्रकार मेन्झेल याने तिला सुवर्णपदक द्यावे असे सुचविले. कैसर दुसरा विल्हेल्म याने नकार दिला. ही चित्रे दान मागत नाहीत, हिशोब मागतात, हे बादशहाला बरोबर कळले असावे. पुढच्याच वर्षी ड्रेस्डेन येथे तिला पदक मिळाले.