टाकलेलें बाळ आणि सोंपविलेलें बाळ
(महोत्सवाच्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



महोत्सवाच्या आनंदांत उकिरड्यावर टाकलेल्या अर्भकांचा विषय काढणें कित्येकांस अप्रशस्त वाटेल. परंतु ज्या ख्रिस्तमंदिराच्या नोंदवहींत आपल्या लेंकरांचीं नांवें स्नानसंस्काराच्या वेळीं लिहिलीं गेलीं, त्याच्या उत्सवांत ज्यांस नांवच लाभलें नाहीं अशा बाळांचें स्मरण व्हावें, हें मला उचित वाटतें.

मोशेची कथा आपणां सर्वांस ठाऊक आहे. फारो राजाच्या आज्ञेनें इब्री लोकांचे पुत्र नदींत टाकले जात असतां त्याच्या मातेनें लव्हाळ्याची पेटी करून तिला डांबर लावलें, बाळ तींत ठेविलें, आणि त्याचें काय होतें हें पाहावयास त्याची बहीण दूर उभी राहिली. टाकणें आणि सोंपविणें यांतील भेद याहून स्पष्ट कोठें दिसणार? नदी तीच, पण एक हात बाळाला मृत्यूच्या स्वाधीन करतो, दुसरा जीवनाच्या. अमेरिकेंतील टेक्सास राज्यानें १९९९ सालीं केलेला कायदा याच भेदावर उभा आहे, आणि लोक त्यास ‘बाळ मोशेचा कायदा’ असेंच म्हणतात.

त्या सुमारास ह्यूस्टन शहरांत व आसपास एकामागून एक अर्भकें टाकलेलीं सांपडूं लागलीं होतीं. मूल टाकणाऱ्यास शिक्षा पूर्वीपासून होतीच. परंतु शिक्षेच्या भयानें मुलें वांचत नव्हतीं, उलट भ्यालेली माता अधिक अंधारी जागा शोधीत होती. म्हणून राज्यानें मातेस सांगितलें कीं, बाळ रुग्णालयांत किंवा आगीच्या बंबाच्या ठाण्यांत आणून माणसाच्या हातीं दे. त्याच्या अंगावर छळाची खूण नसल्यास कायदा तुला संरक्षण देईल, आणि नांव सांगण्याची सक्ती होणार नाहीं. बाळाची वैद्यकीय तपासणी होते व नंतर तें बालकल्याण खात्याच्या स्वाधीन होतें. टेक्सासांत ६० दिवसांपर्यंतचें मूल असें देतां येतें. इतरत्र मुदत वेगळी आहे. २००८ सालापर्यंत अमेरिकेच्या ५० ही राज्यांत असे कायदे झाले.

ही कल्पना अगदीं नवी आहे असें नव्हे. फ्लॉरेन्स शहरांतील ‘निष्पापांचें रुग्णालय’ १४४५ सालीं टाकलेल्या बाळांकरितां उघडलें. युरोपांतील अनेक कॅथोलिक नगरांत मठाच्या वा रुग्णालयाच्या भिंतींत फिरतें चक्र असे. माता बाहेरून बाळ ठेवी, चक्र फिरवी, घंटा वाजवी, आणि आंतील माणसें बाळ उचलून घेत. मात्र हेंही सांगितलें पाहिजे कीं, त्या अनाथगृहांत पुष्कळ बाळें दुधावांचून व रोगराईनें दगावलीं. दार उघडें ठेवणें पुरेसें नसतें. दाराच्या आंत दूध आणि माया हीं दोन्ही असावीं लागतात.

दाराला मापही लागतें. नेब्रास्का राज्यानें २००८ सालीं कायदा केला, पण त्यांत वयाची मर्यादा घालावयाची राहिली. थोड्याच महिन्यांत ३० हून अधिक मुलें रुग्णालयांत सोडण्यांत आलीं. त्यांत नवजात बालक एकही नव्हतें. बहुतेक जाणतीं मुलें होतीं, आणि कांहीं तर परराज्यांतून आणलेलीं होतीं. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत तेथील विधिमंडळानें ३० दिवसांची मर्यादा घातली. परंतु त्या थकलेल्या आईबापांस मदत मागावयास दुसरें दार नव्हतें, हें त्या प्रसंगानें जगास दाखविलें.

कित्येक विचारवंत आक्षेप घेतात कीं, निनांवीं सोंपविलेल्या बाळाला आपले जन्मदाते कोण हें कधींच कळत नाहीं. हा आक्षेप हलका नव्हे. जर्मनींत २०१४ पासून मध्यम मार्ग काढण्यांत आला आहे. माता गुप्तपणें प्रसूत होते, तिचें नांव मोहोरबंद पाकिटांत राहतें, आणि मूल १६ वर्षांचें झाल्यावर तें पाहण्याचा हक्क त्यास मिळतो.

आतां आपल्या घराकडे वळूं. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं १८६३ सालीं पुण्यांत बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलें. फसलेल्या विधवांनीं तेथें गुप्तपणें बाळंत व्हावें, मूल मात्र मारूं नये, हा हेतु होता. अशाच एका विधवेचा पुत्र यशवंत त्यांनीं दत्तक घेतला. तामिळनाडूंत १९९२ पासून सेलम जिल्ह्यांत सरकारनें पाळणे ठेविले. आज साऱ्या देशास लागू असलेल्या २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाप्रमाणें, ज्यांस आपल्या आवाक्याबाहेरील कारणांमुळें मूल सांभाळणें अशक्य आहे अशा मातापित्यांस तें बालकल्याण समितीपुढें नेऊन सोंपवितां येतें. समिती त्यांची विचारपूस करते, समुपदेश देते आणि फेरविचाराकरितां २ महिने ठेवते. अमेरिकेप्रमाणें हें निनांवीं नाहीं. पण तें मातेला परत येण्यास वाट ठेवतें. याउलट, १२ वर्षांखालील मूल टाकून देणाऱ्या मातापित्यांस भारतीय न्याय संहितेंत ७ वर्षांपर्यंत कारावास सांगितला आहे.

मग कायदा असूनही बाळें झुडपांत कां सांपडतात? मला एकच उत्तर दिसतें. कायद्याचें दार उघडें असतें, पण तेथवर जाण्याची वाट आपल्या जिभांनीं अडविलेली असते. मोशेच्या काळीं फारो होता. आमच्या काळीं ‘लोक काय म्हणतील’ हाच फारो झाला आहे. ज्या मुलीला आपली अडचण आईला सांगण्याचें धैर्य होत नाहीं, ती समितीपुढें कशी जाणार?

म्हणून या महोत्सवीं वर्षीं मी आपणांस दोन गोष्टी मागतों. पहिली, १०९८ हा बालसाहाय्याचा दूरध्वनी क्रमांक प्रत्येक घरीं ठाऊक असावा, आणि मूल सोंपविणें हा गुन्हा नव्हे हें तरुण मुलामुलींस स्पष्ट सांगावें. दुसरी, अशी मुलगी दारीं आल्यास ‘मूल कोणाचें?’ हा प्रश्न पहिला विचारूं नये; ‘जेवलीस का?’ हा विचारावा. मोशेची बहीण दूर उभी राहिली, पण वेळ येतांच धांवली. तेवढें आपल्या हातून घडावें, ही प्रभुचरणीं प्रार्थना.