शाळेची वर्गणी

शाळेची घंटा वाजली कीं गांवांतील सर्व मुलें एकाच दारानें आंत जातात. परंतु ज्या घरांतून तीं येतात त्या घरांची स्थिति एकसारखी नसते. हा साधा भेद ध्यानांत न घेतां शाळेच्या खर्चाचा किंवा पालकांच्या सहकार्याचा विचार केला, तर त्या विचारांत प्रथमपासूनच खोट राहते. पालक-शिक्षक संघ म्हटला म्हणजे शहरांतील सुशिक्षित कुटुंबांच्या डोळ्यांपुढें संध्याकाळची सभा, चहाचे पेले, मुलांचीं प्रगतिपुस्तकें आणि स्नेहसंमेलनासाठीं फिरणारी वर्गणीची वही असें चित्र उभें राहतें. हें चित्र खोटें नाहीं, पण अपुरें आहे. तें किती अपुरें आहे हें पाहावयाचें असेल तर सोलापूरजवळच्या कुंभारी गांवाकडे नजर टाकावी.

कुंभारी हें दक्षिण सोलापूर तालुक्यांतील, सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावरचें गांव. येथील माळावर विडी कामगार स्त्रियांची दहा हजार घरांची सहकारी वसाहत उभी राहिली आणि २००६ सालीं तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्तें तीं घरें त्या स्त्रियांच्या स्वाधीन झालीं. वसाहतीस नांव मिळालें तें गोदूताई परुळेकर यांचें. पुढें याच गांवीं रे नगर ही तीस हजार घरांची दुसरी वसाहत योजिली गेली. यंत्रमागावरचे मजूर, विडी वळणाऱ्या स्त्रिया, शिवणकाम करणारे, कागद-काच वेंचणारे अशा असंघटित श्रमिकांसाठीं ही योजना होती. तिच्यांतील पहिलीं १५ हजार घरें १९ जानेवारी २०२४ रोजीं पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्तें कामगारांस देण्यांत आलीं. या दोन्ही वसाहतींमागें माजी आमदार नरसय्या आडम आणि त्यांची कामगार संघटना यांची अनेक वर्षांची खटपट होती. घरांच्या किंमतींत सरकारी अनुदान होतें, तसा कामगारांचा स्वतःचा वांटाही होता. हा शेवटचा मुद्दा विसरतां कामा नये. ज्या स्त्रीनें विड्या वळून घराचा हप्ता भरला, तिला वर्गणी म्हणजे काय हें दुसऱ्या कोणीं शिकवण्याची गरज नाहीं.

घरें झालीं कीं मुलें आलीं, आणि मुलें आलीं कीं शाळेचा प्रश्न आला. अशा वस्तींतील प्राथमिक शाळेचा पालकवर्ग कसा असतो हें समजण्यास विडी वळणाऱ्या आईचा दिवस पाहावा. कारखान्याच्या शाखेंतून तिला तेंदूचीं पानें, तंबाखू आणि दोरा मिळतो. पानें भिजवावयाचीं, मापानें कातरावयाचीं, तंबाखू भरून विडी वळावयाची, तोंड दुमडून दोरा बांधावयाचा, जुड्या करावयाच्या, आणि तयार माल शाखेंत नेऊन द्यावयाचा. तेथें तपासणींत ज्या विड्या नापसंत ठरतील त्या तिच्या हिशेबांतून गेल्या. मजुरी ठरते ती हजार विड्यांच्या हिशेबानें. कचेरींतील मनुष्य पालकसभेसाठीं दोन तासांची सवलत मागतो, तेव्हां महिन्याच्या पगारांतून त्याचें कांहीं जात नाहीं. या आईचे दोन तास गेले म्हणजे तितक्या विड्या कमी झाल्या आणि तितका पैसा बुडाला. सकाळीं अकरा वाजतां सभा बोलावणें म्हणजे तिच्यावर न सांगतां दंड बसविणें होय. मग सभेस बायका आल्या नाहींत, तर वहींत “पालकांची उदासीनता” असा शेरा पडतो. उदासीनता कोणाची, हें त्या शेऱ्यावरून कळत नाहीं.

वेळेप्रमाणेंच भाषेचाही प्रश्न आहे. सोलापुरांत तेलुगू, कानडी, उर्दू आणि मराठी या चारही भाषा एका गल्लींत ऐकूं येतात. तेलंगणांतून आलेल्या पद्मशाली विणकरांच्या घरीं तेलुगू, अक्कलकोटकडच्या कुटुंबांत कानडी, आणि शाळेंतील नोटीस मात्र शुद्ध मराठींत, अशी स्थिति असली तर ती नोटीस मुलाच्या दप्तरांतच राहते. याच सोलापूर जिल्ह्यांत माढा तालुक्यांतील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेंत रणजितसिंह डिसले या शिक्षकानें मुलांच्या घरची कानडी भाषा जाणून पाठ्यपुस्तकें त्यांना समजतील अशीं केलीं, पुस्तकांस क्यूआर संकेतचिन्हें जोडलीं, आणि २०२० सालीं जागतिक शिक्षक पुरस्कार मिळविला. पुरस्काराच्या दहा लक्ष डॉलरांपैकीं अर्धी रक्कम त्यांनीं अंतिम फेरींतील इतर नऊ शिक्षकांस वांटून दिली. या उदाहरणांतील पैशाचा भाग लोकांच्या लक्षांत राहिला. परंतु कामाचा आरंभ पैशानें झाला नव्हता. घरची भाषा ओळखण्यापासून तो झाला होता. पालकसभेचाही आरंभ तसाच व्हावयास पाहिजे.

आतां मुख्य प्रश्नाकडे वळावें. शाळेसाठीं पैसा कोणीं द्यावयाचा? हा वाद जुना आहे. १८६० नंतरच्या दशकांत मुंबई इलाख्यांत जमीन-महसुलाच्या दर रुपयामागें एक आणा लोकलफंड म्हणून बसविण्यांत आला आणि त्याचा कांहीं हिस्सा गांवच्या शाळांसाठीं राखला गेला. म्हणजे शाळेचा पहिला वर्गणीदार कुणबी होता. १८८२ सालीं हंटर आयोगापुढें निवेदन देतांना जोतीराव फुले यांनीं नेमका हाच हिशेब मांडला: सरकारचा महसूल रयतेच्या श्रमांतून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे जातो. प्राथमिक शिक्षण निदान वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचें करावें, अशी त्यांची मागणी होती. १९१७ सालीं शाहू महाराजांनीं कोल्हापूर संस्थानांत तें मोफत आणि सक्तीचें केलें, व मूल शाळेंत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेविला. पुढल्याच वर्षीं विठ्ठलभाई पटेल यांच्या कायद्यानें इलाख्यांतील नगरपालिकांस सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा अधिकार मिळाला.

या इतिहासाचा बोध असा कीं, गरीब पालक शाळेच्या दारांत येतो तो रिकाम्या हातानें येत नाहीं. शेतसाऱ्याच्या दिवसांत त्यानें महसूल भरला. आज तो साबणाच्या वडीवरही कर भरतो. शाळेंत त्याचें कांहीं देणें राहिलें आहे, अशा भावनेनें त्याला वागविणें गैर आहे.

कायदाही हेंच सांगतो. मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ सालीं झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलांत आला. ज्यामुळें मुलाचें प्राथमिक शिक्षण अडेल असें कोणतेंही शुल्क किंवा खर्च त्याच्यावर लादतां येत नाहीं. याच कायद्यानें शाळा व्यवस्थापन समिति आणली. तिच्यांत तीन-चतुर्थांश सभासद पालक असावेत, निम्म्या स्त्रिया असाव्यात, आणि दुर्बल घटकांतील पालकांस त्यांच्या प्रमाणांत जागा मिळावी, असें बंधन आहे. शाळेच्या कामावर देखरेख, शाळेच्या विकासाचा आराखडा, आणि सरकार, स्थानिक संस्था किंवा इतर कोठूनही आलेल्या पैशाच्या विनियोगावर नजर, हीं या समितीचीं कामें आहेत. पालकांच्या नियमित सभा घेऊन मुलाची हजेरी, आकलन आणि प्रगति त्यांना सांगणें, हें शिक्षकाचें कर्तव्य म्हणून नमूद केलें आहे. विडी वळणारी आई या समितीच्या बाकावर बसते ती पाहुणी म्हणून नव्हे. हिशेब विचारण्याचा अधिकार तिला कायद्यानें दिला आहे.

मग लोकवर्गणी वाईट कीं काय? तसें मुळींच नाहीं. १९१९ सालीं कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं रयत शिक्षण संस्था स्थापिली, आणि वसतिगृहांतील मुलांच्या पोटासाठीं गांवोगांव मुष्टिफंड गोळा होऊं लागला. घरोघरच्या स्त्रियांनीं दळणाच्या वेळीं मूठभर धान्य बाजूस काढावयाचें. लक्ष्मीबाई पाटील यांनीं तर वसतिगृहासाठीं आपले दागिने दिले. मुष्टिफंडाचें मर्म असें कीं मूठ प्रत्येकाची असते, ती सहज उघडतां येते, आणि ओंजळींत पडल्यावर कोणाचे दाणे कोणते हें ओळखतां येत नाहीं. देणारा लहान ठरत नाहीं आणि न देणारा उघडा पडत नाहीं.

ही कसोटी आजच्या वर्गणीस लावून पाहावी. वर्गांत उभें करून “तूं पैसे आणलेस का?” असें मुलास विचारलें जात असेल, किंवा फळ्यावर नांवापुढें आंकडा लिहिला जात असेल, तर ती वर्गणी राहिली नाहीं, ती वेठ झाली. ज्यांच्या नांवानें कुंभारीची वसाहत आहे त्या गोदूताईंनीं १९४५ सालीं वारली आदिवासींना वेठबिगारी नाकारण्यास उभें केलें होतें. त्यांच्या नांवाच्या वस्तींत तरी हा भेद स्पष्ट असावा. म्हणून पैसा मुलाच्या हातून मागूं नये. तो सभेंत, पावती देऊन, ऐच्छिक म्हणूनच घ्यावा. देणाऱ्यांचीं नांवें आणि रकमा झळकवूं नयेत. एकूण जमा आणि एकूण खर्च मात्र शाळेच्या दारावरील फळ्यावर दरमहा लिहावा, आणि ज्यांना वाचतां येत नाहीं त्यांच्यासाठीं सभेंत मोठ्यानें वाचून दाखवावा. हिशेब ऐकल्यावर मनुष्य दुसऱ्यांदा अधिक विश्वासानें देतो, हें भिशी चालविणाऱ्या प्रत्येक बाईस ठाऊक आहे.

वर्गणी कशासाठीं घ्यावयाची, हेंही ठरवून घेतलें पाहिजे. गळकें छप्पर, पाण्याची टाकी, मुलींसाठीं संडास, पुरेसे शिक्षक, हीं सरकारचीं आणि जिल्हा परिषदेचीं देणीं आहेत. तीं गांवानें वर्गणींतून भागविलीं तर कचेरींतील कागद मिटून ठेवला जातो आणि पुढच्या वर्षीं पुन्हा गांवाकडेच बोट दाखविलें जातें. अशा बाबतींत पालक संघानें पैसा गोळा करण्यापूर्वीं ठराव करावा, अर्ज लिहावा, पोंच घ्यावी आणि पाठपुरावा करावा. अमेरिकेंतील पालक-शिक्षक संघाचा उगम १८९७ सालीं वॉशिंग्टन येथें भरलेल्या मातांच्या परिषदेंत आहे. तेथील संघांनीं मिठाई विकून निधि जमविला हें खरें. परंतु त्या चळवळीचें खरें काम बालमजुरीविरुद्ध कायदे, बालवाडीचे वर्ग आणि शाळेंतील गरम जेवण यांच्या मागण्यांत दिसतें. वर्गणीनें भागवावयाचें तें याच्या पलीकडचें: वाचनालयांतील गोष्टींचीं पुस्तकें, सहल, खेळाचें साहित्य, नाटकाचे पोशाख.

पैशावांचूनही पुष्कळ देतां येतें. यंत्रमागावरचा बाप ताणा-बाणा आणि नक्षी समजावून सांगूं शकतो, आणि त्यांत भूमितीचा एक सुंदर पाठ दडलेला असतो. जुड्या बांधणारी आई गट करून मोजण्याची रीत जितक्या सफाईनें दाखवील तितकी पुस्तकास दाखवितां येणार नाहीं. तेलुगू आजीनें सांगितलेली गोष्ट मराठींत उतरविणें हा चौथीच्या मुलांस उत्तम निबंध आहे. ज्या मुलाची आई असा एक तास घेऊन गेली, तें मूल दुसऱ्या दिवशीं वर्गांत वेगळ्या ताठ मानेनें बसतें.

शहरांतील कुटुंबांनीं हें सर्व दूरच्या गांवाची वार्ता म्हणून ऐकूं नये. खाजगी शाळांतील शुल्काचें नियमन करणारा महाराष्ट्राचा कायदा २०११ सालचा आहे. त्यानें प्रत्येक खाजगी शाळेंत पालक-शिक्षक संघ आवश्यक केला, आणि शुल्काचा प्रस्ताव त्या संघाच्या कार्यकारी समितीपुढें मांडण्याचें बंधन व्यवस्थापनावर घातलें. तरी कित्येक घरांत शुल्क भरलें कीं कर्तव्य संपलें असें मानलें जातें, आणि समितीच्या सभेची सूचना न वाचतां बाजूस पडते. कुंभारीच्या आईला सभेस जाण्यासाठीं मजुरी सोडावी लागते. शहरांतील पालकाला बहुधा केवळ आळस सोडावा लागेल. तसेंच, ज्यांना दूरच्या शाळेस कांहीं द्यावयाचें आहे त्यांनीं वस्तु पाठविण्यापूर्वीं तेथील समितीस काय हवें तें विचारावें. न विचारतां दिलेलीं यंत्रें कपाटांत बंद राहतात आणि किल्ली कोणापाशीं आहे याचा शोध चालतो.

वर्षअखेर पालक संघाचा अहवाल वाचला जाईल, तेव्हां किती रुपये जमले हा आंकडा त्यांत असावाच. परंतु त्याआधीं आणखी दोन प्रश्नांचीं उत्तरें मागावींत. ज्या घरानें एक पैसाही दिला नाहीं त्या घरचें मूल सहलीच्या गाडींत बसलें होतें का? आणि त्या मुलाची आई वर्षांतून एकदां तरी सभेंत उठून बोलली का?