दोनशें बाराचा मान

टेलिफोनच्या क्रमांकाचा कोणी अभिमान बाळगील, हें सहसा खरें वाटत नाहीं. न्यूयॉर्क शहरांत मात्र असे लोक पुष्कळ आढळतात. १९४७ सालीं अमेरिकन टेलिफोन अँड टेलिग्राफ कंपनीनें अमेरिका व कॅनडा यांचे ८६ विभाग पाडून प्रत्येकास तीन आंकड्यांचा संकेतांक नेमून दिला, तेव्हां न्यूयॉर्कच्या वांट्यास २१२ आला. त्यामागें केवळ सोय पाहिली होती. तेव्हांच्या यंत्रावर फिरती तबकडी असे. एक फिरविल्यास तारेंतून एक ठोका जाई, शून्य फिरविल्यास दहा. जेथें पुष्कळ फोन जावयाचे, तेथें ठोके थोडे असावेत. २१२ चे पांच ठोके होतात, शिकागोच्या ३१२ चे सहा. विरळ वस्तीच्या अलास्कास पुढें मिळालेल्या ९०७ चे सव्वीस!

संकेतांकानंतर सात आंकडे उरतात. त्यांतील पहिले तीन केंद्राचे. उरलेल्या चारांत दहा हजार क्रमांक बसतात. केंद्राचा आरंभ शून्यानें किंवा एकानें करतां येत नाहीं. म्हणून एका विभागांत कागदावर फार तर ७९ लाख क्रमांक निघतात. प्रत्यक्षांत तितकेही हातीं लागत नाहींत. एका केंद्राचे निम्मे क्रमांक पडून राहिले, तरी दुसऱ्या केंद्रास त्यांचा उपयोग नाहीं. कुलूप घातलेल्या कणगींतील धान्यासारखी त्यांची गत.

ही चणचण भासूं लागली तेव्हां १९८४ सालीं शहराची विभागणी झाली. मॅनहॅटन व ब्राँक्स यांच्याकडे २१२ राहिला. ब्रुकलिन, क्वीन्स व स्टॅटन आयलंड यांस ७१८ मिळाला. विभागणींत निम्म्या लोकांच्या पाट्या व पत्रांचे मथळे बदलतात. निम्म्यांचें कांहींच जात नाहीं. १९९२ सालीं ब्राँक्सही ७१८ मध्यें गेला, आणि त्याबरोबर मार्बल हिल ही लहानशी वस्ती गेली. तिची कथा मोठी चमत्कारिक आहे. ही टेकडी मूळची मॅनहॅटनची. १८९५ सालीं जहाजांसाठीं कालवा खणला, तेव्हां ती बेटापासून तुटली. पुढें १९१४ सालीं मागचा जुना प्रवाह बुजविल्यावर ती ब्राँक्सच्या भूमीस चिकटली. कायद्यानें मात्र ती मॅनहॅटनचीच राहिली. रहिवाशांनीं २१२ टिकविण्यासाठीं झगडा केला; पण त्यांच्या तारा ब्राँक्सच्या केंद्रांत गुंतलेल्या होत्या आणि त्या सोडविण्याचा खर्च फार होता. कायद्यापुढें तारांचा जय झाला.

त्याच वर्षीं दुसरा उपायही आला. ९१७ हा संकेतांक जुन्यांच्याच भूमीवर वरून पांघरण्यांत आला. १९९९ सालीं मॅनहॅटनवर ६४६ आला. या रीतींत कोणाचाही जुना क्रमांक जात नाहीं. त्याचें मोल सर्वांस थोडें थोडें द्यावें लागतें. एकाच इमारतींत दोन शेजाऱ्यांचे संकेतांक निराळे असूं शकतात, म्हणून भिंतीपलीकडे फोन करतांनाही सगळे आंकडे फिरवावे लागतात. विभागणीपेक्षां हें न्याय्य खरें. तरी एक विषमता तिनेंही निर्माण केलीच. नव्या बिऱ्हाडास ६४६ मिळूं लागला, आणि २१२ हें जुन्या रहिवाशाचें चिन्ह ठरलें. कांहीं जण पैसे मोजूनही तो मिळवूं लागले. तबकडी केव्हांच गेली. पांच ठोक्यांची ती सोय आतां कोणाच्याच उपयोगाची नाहीं. २०१७ सालीं मॅनहॅटनवर ३३२ हा आणखी एक संकेतांक आला.