हाती असलेले यंत्र आणि हाती नसलेले मन
(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



मंडळाने आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, याबद्दल आम्ही ऋणी आहोत. ‘मोबाईलचे व्यसन आणि तरुण पिढी’ असा विषय सुचविण्यात आला होता. त्यातील ‘तरुण पिढी’ हे शब्द गाळण्याची परवानगी आम्ही प्रथमच मागून घेतो.

गेल्या श्रावणात एके रात्री दीड वाजता आमचा नातू पाणी पिण्यास उठला, तेव्हा आम्ही अंथरुणात बसून मोबाईलवरील चित्रफिती पाहत होतो. दहा वाजता ‘एकच पाहू’ म्हणून आरंभ केला होता. तो एवढेच म्हणाला, “आजोबा, मला तर तुम्ही नऊला फोन ठेवायला सांगता ना?” छत्तीस वर्षे वर्गात शिस्त शिकविलेल्या आम्हांस उत्तर सुचले नाही.

पुस्तकास प्रकरणे असतात, नाटकास पडदा असतो. तेथे मन क्षणभर थबकून ‘आता पुरे’ म्हणू शकते. या चित्रफितींत ती जागाच ठेवलेली नाही. पान कधी संपूच नये, अशी रचना अझा रास्किन या अमेरिकन तंत्रज्ञाने २००६ साली केली आणि पुढे तिच्याबद्दल त्यांनीच जाहीर खेद व्यक्त केला. शिवाय मनाजोगी चित्रफीत केव्हा येईल हे ठाऊक नसते, म्हणून बोट थांबत नाही. अनिश्चित बक्षिसाची ओढ अधिक चिवट असते, हे स्किनर या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवरील प्रयोगांतून पूर्वीच दाखविले होते.

तात्पर्य, मोह समोर उभा असता केलेला निश्चय बहुधा टिकत नाही. निश्चय आधी व्हावा, आणि तो एकट्याचा नसावा. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली हेच केले. सायंकाळी सातला भोंगा वाजे आणि साडेआठपर्यंत घरोघरी दूरचित्रवाणी व मोबाईल बंद राहत. मुले अभ्यासास बसत, वडीलधारी मंडळी वाचीत वा बोलत. सारा गावच थांबल्यामुळे कोणा एकास मनाशी झगडावे लागले नाही.

आम्हीही घरी एक गजराचे घड्याळ आणले, म्हणजे ‘उठण्यासाठी फोन उशाशी हवा’ ही सबब उरली नाही. रात्री नऊला आमचा फोन नातू कपाटात ठेवतो, त्याचा आम्ही ठेवतो. हा नियम आमच्याकडून तीनदा मोडला. तिन्ही वेळा आम्ही सकाळी नातवाजवळ तशी कबुली दिली. त्याच्याकडून मात्र तो एकदाच मोडला.

यंत्र वाईट नव्हे. परगावच्या लेकीचे मुख आम्हांस त्यातच दिसते. मात्र त्यास घरात स्थान असावे, तशी वेळही असावी. प्रत्येक सभासद-कुटुंबाने दिवसाचा एक तास ठरवावा आणि त्याचा आरंभ वडीलधाऱ्यांनी करावा, एवढीच आमची विनंती आहे. पुढील संमेलनात किती दिवस साधले, किती चुकले, हे सर्वांनी मोकळेपणाने सांगावे. आमची चुकांची वही आम्ही अवश्य घेऊन येऊ.