खेळाडूचे मन : एक दुर्लक्षित गुंतवणूक

क्रीडाविकासाची चर्चा आपल्याकडे मैदाने, प्रशिक्षक आणि आहार यांपुढे क्वचितच जाते. नाशिकचे भीष्मराज बाम यांनी ती पुढे नेली. भारतीय पोलीस सेवेत राहिलेल्या बाम यांनी योगशास्त्र व मानसशास्त्र यांची सांगड घालून नेमबाज अंजली भागवत, क्रिकेटपटू राहुल द्रविड अशा खेळाडूंना मार्गदर्शन केले. २०१७ मध्ये त्यांचे निधन झाले.

क्रीडा मानसशास्त्रज्ञ नेमके काय करतो? नेमबाजीचेच पाहा. १० मीटर एअर रायफलच्या लक्ष्याचा मध्यबिंदू अवघा अर्धा मिलिमीटर असतो; तेथे हृदयाचा ठोकाही नेम हलवतो. श्वासाची लय राखणे, हुकलेला नेम मनातून काढून पुढच्याकडे वळणे, या सवयी सरावानेच अंगी बाणतात.

मात्र हे काम पदकापाशी संपत नाही. २००८ मध्ये बीजिंग येथे सुवर्णपदक जिंकल्यानंतरच आपल्यावर सर्वांत मोठे मानसिक संकट ओढवले, असे अभिनव बिंद्रा यांनी उघडपणे सांगितले आहे. यशाची ही किंमत कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही! अशा वेळी नैराश्याची लक्षणे ओळखून खेळाडूस मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठविणे, हेही क्रीडा मानसशास्त्रज्ञाचे कर्तव्य ठरते.

नामवंतांना असे साहाय्य मिळू शकते. परंतु जिच्या सरावासाठी घरच्यांनी कर्ज काढले आहे, त्या ग्रामीण मुलीला प्रत्येक स्पर्धेत त्या कर्जाचेही ओझे वाहावे लागते. जिल्हा क्रीडा संकुलाच्या अंदाजपत्रकात समुपदेशकाच्या मानधनाची तरतूद हवी, ती तिच्यासाठी.