घरचे दही, घरचा गारवा

(कुळगाव येथे शिक्षक, अंगणवाडी सेविका आणि परिसरातील ग्रामपंचायत सदस्य यांच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



ज्या सभागृहात पाणीपुरवठा, रस्ते आणि शाळाखोल्या यांची चर्चा व्हायची, तेथे माहिती खात्यातील एका माणसाने उभे राहून दही गोठविण्याविषयी बोलावे, हे आपणांपैकी काहींना चमत्कारिक वाटेल. मी वैद्य नाही, आहारशास्त्रज्ञही नाही. जाणकारांनी सांगितलेले लोकांपर्यंत सोप्या शब्दांत पोहोचविणे एवढेच माझे काम. परंतु आजचा विषय मला कोणत्याही कागदाने दिलेला नाही. तो एका मुलाने दिला.

परीक्षांचे दिवस होते. एका कार्यक्रमासाठी मी याच पट्ट्यातील एका शाळेत आलो होतो. मधली सुट्टी झाली आणि फाटकाबाहेरच्या हातगाडीभोवती मुलांचा गराडा पडला. तांबडा, हिरवा, नारिंगी अशा रंगांत बुडविलेला बर्फाचा गोळा, आणि प्लॅस्टिकच्या नळीत गोठविलेले गोड रंगीत पाणी. एका शिक्षिकेने पाचवीतल्या एका मुलाला हातातला गोळा टाकून द्यावयास लावला. मुलाने तो निमूटपणे टाकला आणि विचारले, "बाई, मग थंड काय खाऊ?" बाई निरुत्तर झाल्या. शेजारी मी उभा होतो, मीही निरुत्तर झालो. त्या प्रश्नाचे उत्तर घेऊन मी आज आपणांसमोर आलो आहे.

नियम आहेत, पण नियम पुरेसे नाहीत

शासनाने या बाबतीत काहीच केले नाही, असे नाही. शाळकरी मुलांच्या सुरक्षित आणि समतोल आहारासंबंधीचे केंद्रीय विनियम २०२० साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार अतिरिक्त साखर, मीठ व स्निग्धांश असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत विकता येत नाहीत. बर्फाविषयीही नियम आहे. मासळी, भाजीपाला वा अन्य माल थंड ठेवण्यासाठी केलेला, खाण्यास अयोग्य असा बर्फ ओळखता यावा, म्हणून त्याला निळा रंग देण्याचे बंधन २०१८ पासून आले. निळा बर्फ दिसला की तो तोंडात घालावयाचा नाही, एवढे पहिलीतल्या मुलालाही शिकविता येईल.

परंतु ५० मीटरची रेघ मुलाच्या तहानेला अडवीत नाही. एप्रिल-मे महिन्यांत येथील पारा चाळीस अंशांपलीकडे जातो. अशा दिवसांत मुलाला थंड काही हवेसे वाटणे हा त्याचा अपराध नव्हे. "हे खाऊ नकोस" असे सांगणारी माणसे पुष्कळ आहेत. "हे खा" असे सांगून हातावर काही ठेवणारे कोणी नसेल, तर मूल पुन्हा गाडीकडेच वळणार. म्हणून माझे सांगणे एवढेच की, मनाई करण्यापूर्वी पर्याय सिद्ध ठेवावा. आणि तो पर्याय आपल्या घरातील विरजणाच्या भांड्यात आहे.

दह्याची जुनी ओळख

दही आपणांस कोणी शिकवावयास नको. गोपाळकाला आपला, दहीपोहे आपले, उन्हाळ्यातला दहीभात आपला, सणाचे श्रीखंड आणि पीयूषही आपलेच. शेजारी उल्हासनगर आहे. १९४९ साली निर्वासितांच्या छावणीतून वसलेल्या त्या नगरात सिंधी बांधव थदडीचा सण पाळतात. त्या दिवशी चूल पेटवावयाची नाही. आदल्या दिवशी केलेल्या गोड लोल्या गार दह्याबरोबर खावयाच्या. उन्हाळा सरता सरता अंगाला गारवा देणारे अन्न म्हणून दह्याची निवड अनेक समाजांनी आपापल्या परीने केली आहे. दही गोठवून विकण्याची कल्पना अमेरिकेत १९७० च्या दशकात रूढ झाली. त्यातला मूळ पदार्थ मात्र आपल्या ओळखीचाच आहे.

गाईच्या दुधाच्या १०० ग्रॅम दह्यात सुमारे ३ ग्रॅम प्रथिने आणि सुमारे १५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. विरजणातील जिवाणू दुधातील साखरेचा काही भाग आम्लात बदलतात, त्यामुळे ज्यांना दूध पचत नाही अशांपैकी अनेकांना दही सोसते. रंगीत बर्फात पाणी, साखर आणि रंग यांखेरीज काही नसते. फरक एवढा उघड आहे.

मात्र दह्याविषयी अतिशयोक्तीही नको. नोबेल पारितोषिकाने सन्मानित शास्त्रज्ञ मेचनिकॉफ यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी बल्गेरियातील शेतकऱ्यांच्या दीर्घायुष्याचा संबंध दह्याशी जोडला होता. तो दावा तेवढ्या ठामपणे आज कोणी करीत नाही. गोठविल्यावर दह्यातील जिवाणूंपैकी काही मरतात, बाकीचे निद्रिस्त राहतात. गोठविलेले दही हे औषध नव्हे. तो एक चांगला खाऊ आहे, आणि चांगला खाऊ असणे हेही थोडे नाही.

दगड का होतो?

घरी परतल्यावर मी पहिला प्रयोग केला. वाटीभर दही साखर घालून बर्फाच्या खणात ठेवले. सकाळी पाहतो तो चमचा वाकला, दही हलले नाही. दूध आणि दही यांत पाण्याचा अंश शेकडा ८५ हून अधिक असतो. हे पाणी संथपणे गोठले की त्याचे मोठे, टणक स्फटिक बनतात. हे टाळण्याच्या युक्त्या तीन. पहिली, पाणी काढून टाकणे, म्हणजेच चक्का बांधणे. दुसरी, गोठत असताना घोटणे, म्हणजे स्फटिक बारीक राहतात. तिसरी, साखर, कारण साखरेने गोठणबिंदू खाली येतो. बाजारातील पदार्थ तिसऱ्या युक्तीवर पुष्कळ भिस्त ठेवतात. आपण पहिल्या दोहोंवर ठेवावी.

कृती

एक लिटर दूध चांगले उकळून कोमट होऊ द्यावे व स्वच्छ चमच्याने ताजे विरजण लावावे. उन्हाळ्यात पाच-सहा तासांत दही लागते. ते आंबट होऊ देऊ नये. उकळत्या पाण्यातून काढलेल्या स्वच्छ पंचात दही बांधून तीन-चार तास निथळू द्यावे. उकाड्यात टांगून ठेवले तर ते आंबते, म्हणून चाळणीत ठेवून शीतकपाटात निथळविणे बरे. साधारण ३०० ते ४०० ग्रॅम चक्का मिळतो. निथळलेले पाणी फेकू नये. त्यातही सत्त्व आहे. थालीपिठाचे पीठ त्यात भिजवावे किंवा ते कढीत घालावे.

चक्क्यात वाटीभर फळाचा गर घालावा. आंबा, चिकू, पिकलेले केळे, जे ऋतूत स्वस्त असेल ते. केळ्याने मऊपणाही येतो आणि गोडीही. साखर घालावयाची तर सपाट चमच्याने मोजून, आठ वाट्यांना मिळून चार चमचे. श्रीखंडात चक्क्याच्या बरोबरीने साखर पडते. येथे ती सवय बाजूस ठेवावी. साखरेपासून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांहून कमी असावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले आहे. चिमूटभर वेलची घालून मिश्रण चांगले फेटावे आणि झाकणाच्या डब्यात गोठण्यास ठेवावे. एक तासाने आणि पुन्हा दोन तासांनी काढून घोटावे, मग लहान वाट्यांत भरावे. खाण्यापूर्वी दहा मिनिटे बाहेर ठेवले म्हणजे चमचा सहज जातो.

ज्या घरी शीतकपाट नाही, त्यांनी निराश होऊ नये. आईस्क्रीमचा जुना लाकडी पॉट अनेकांना आठवत असेल. आतल्या डब्यात मिश्रण, भोवती तीन भाग बर्फ आणि एक भाग खडे मीठ, आणि दांडा फिरविण्यास घरातील मुलांची रांग. मिठाने बर्फ शून्याच्या पुष्कळ खाली उतरतो आणि मिश्रण अर्ध्या-पाऊण तासात घट्ट होते. घोटणेही त्यातच साधते. हा बर्फ डब्याच्या बाहेर राहतो, तरी त्याचा थेंबही आत जाता कामा नये. झाकण घट्ट असावे आणि ते उघडण्यापूर्वी पुसून घ्यावे. शाळेच्या बालआनंद मेळाव्यात असा एक पॉट ठेवला, तर विज्ञानाचा एक धडा आणि खाऊ दोन्ही एकाच वेळी होतील.

थंडीने जंतू मरत नाहीत

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. गोठलेल्या पदार्थात जंतू राहत नाहीत, असा समज सर्वत्र आढळतो. तो चुकीचा आहे. थंडीने बहुतेक जंतू झोपतात, मरत नाहीत. पदार्थ वितळला की ते जागे होतात. म्हणून दूध उकळलेलेच असावे, फळे स्वच्छ पाण्याने धुतलेली असावीत, हात साबणाने धुतलेले असावेत. वीज बराच वेळ गेली आणि पदार्थ वितळून कोमट झाला, तर तो पुन्हा गोठवू नये, टाकून द्यावा. पावसाळ्यात आपल्या भागात ही दक्षता विशेष हवी. एक वर्षाखालील बालकास मध देऊ नये, आणि लहानग्यांना टणक गोठलेला तुकडा न देता मऊ करून चमच्याने भरवावे.

विकतचे घ्यावयाचे तर वेष्टन वाचण्याची सवय लावावी. आईस्क्रीम आणि फ्रोझन डेझर्ट हे दोन वेगळे पदार्थ आहेत. दुसऱ्यात दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल वा चरबी असू शकते, आणि तसे वेष्टनावर लिहिलेले असते. पाचवीच्या मुलांना वर्गात दोन वेष्टने वाचावयास देणे हा फार चांगला पाठ होईल.

जांभळाची वाटी

शेवटी या गावाची आठवण. बदलापूरच्या जांभळाला २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळाले. उन्हाळा सरताना आणि शाळा उघडण्याच्या सुमारास पाड्यांवरील आदिवासी भगिनी हे फळ बाजारात आणतात. त्याचा हंगाम जेमतेम काही आठवड्यांचा. पाऊस लागला की फळ टिकत नाही. हातगाडीवरच्या जांभळ्या रंगासाठी बाटली लागते. चक्क्यात जांभळाचा गर मिसळला की तोच रंग आपोआप येतो. फळे धुऊन चाळणीवर हाताने चोळावीत, बिया वेगळ्या कराव्यात आणि गर गोठवून ठेवावा, म्हणजे हंगामानंतरही तो वापरता येईल. एखाद्या महिला बचत गटाने हे काम विक्रीसाठी हाती घेतले, तर पंचायतीने त्यांना अन्न सुरक्षा कायद्याखालील नोंदणी, स्वच्छ पाणी आणि शीतपेटी यांसाठी साहाय्य करावे. झाडाला गिऱ्हाईक मिळाले तर झाड तोडण्यापूर्वी मालक दोनदा विचार करील. इमारती वाढत असलेल्या आपल्या गावात हेही काही कमी नाही.

मित्रहो, एका वाटीभर दह्याने बालकांच्या पोषणाचा प्रश्न सुटेल असे मी म्हणत नाही. हातगाडीवाल्याचेही पोट आहे, त्याच्यावर राग धरून काही साधणार नाही. त्यालाच स्वच्छ बर्फ आणि घरगुती दह्याची वाटी विकण्यास शिकविता आले, तर अधिक चांगले. मला एवढेच वाटते की, पुढच्या उन्हाळ्यात एखादा मुलगा "मग थंड काय खाऊ?" असे विचारील, तेव्हा आपणांपैकी कोणीही निरुत्तर राहू नये. त्याच्या हाती एक जांभळी वाटी द्यावी आणि सांगावे, "हे खा. काल रात्री दांडा फिरवायला तूही ये म्हटले होते."