उद्योजकतेच्या दाखल्याचा जमाखर्च
(करडी, जिल्हा भंडारा येथील हेमंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



धानाची चुरणी आटोपली आणि हातात थोडी उसंत आली की आपल्याकडील तरुणांपुढे एक प्रश्न दरवर्षी नव्याने उभा राहतो, तो असा की, उद्योजकतेच्या प्रशिक्षणाला जाऊन दाखला पदरात पाडून घ्यावा, की तेवढेच दिवस मजुरीला अथवा घरच्या धंद्याला द्यावेत. ज्या घरात दहा दिवसांच्या मजुरीवर महिन्याच्या किराण्याची तजवीज अवलंबून असते, त्या घराला हा प्रश्न किरकोळ वाटत नाही. म्हणून त्याचा जमाखर्च आज सविस्तर मांडण्याचे योजिले आहे.

खर्चाची बाजू प्रथम घेऊ. कर्नाटकात उजिरे येथे १९८२ साली धर्मस्थळाचे धर्माधिकारी वीरेंद्र हेगडे यांच्या पुढाकाराने आणि सिंडिकेट व कॅनरा या दोन बँकांच्या साहाय्याने ग्रामीण तरुणांसाठी स्वयंरोजगाराचे जे शिक्षण सुरू झाले, त्याच धर्तीवर पुढे देशातील बहुतेक जिल्ह्यांत बँकांनी प्रशिक्षण संस्था काढल्या, आणि भंडाऱ्यातील अशी संस्था बँक ऑफ इंडिया चालवते. तेथे शुल्क नाही, आणि निवास व भोजन यांचाही भार शिकणाऱ्यावर पडत नाही. मग खर्च कशाचा? खर्च बुडालेल्या दिवसांचा. रोजची मजुरी ३०० रुपये धरली तर दहा दिवसांचे ३,००० रुपये होतात; आणि हेच दिवस रोवणीच्या हंगामात आले, तर परहे बांधीत वेळेवर न लागल्याने होणारे नुकसान त्याहून कितीतरी अधिक भरते. फुकट मिळणारे हेच शिक्षण शहरात हजारो रुपये मोजून घेणे, केवळ सनदेवरील अक्षरे अधिक झळाळणारी असतात म्हणून, हा व्यवहार मला सर्वथा अनुचित वाटतो.

आता प्राप्तीकडे वळू. २००८ साली सुरू झालेल्या पंतप्रधान रोजगारनिर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागातील नव्या उद्योगास प्रकल्पखर्चाच्या २५ टक्के, आणि स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग इत्यादींस ३५ टक्के अनुदान मिळते. पाच लाखांचा उद्योग काढणाऱ्या आपल्या गावच्या भगिनीने स्वतःचे २५,००० रुपये घातले, की तिच्या नावे १,७५,००० रुपयांचे अनुदान येते. आणि एवढ्या रकमेच्या प्रकल्पास ते मिळण्यासाठी प्रशिक्षण पूर्ण करणे ही अट आहे. तीन हजारांच्या मजुरीपुढे पावणेदोन लाख! हिशेब येथेच संपला असता, तर मला व्याख्यान देण्याचे कारणच उरले नसते. परंतु ही रक्कम हाती पडत नाही. ती तीन वर्षे बँकेत मुदत ठेवीच्या रूपाने अमानत राहते, तेवढ्या कर्जावर व्याज आकारले जात नाही एवढेच, आणि उद्योग चालू असल्याची खातरजमा झाल्यावर मगच ती कर्जखाती वळती होते. म्हणजे दाखल्याचे फळ दाखल्याच्या दिवशी नव्हे, तर छत्तीस महिने धंदा तगवून धरल्यानंतर पदरी पडते. शिवाय दाखला असला तरी कर्ज मंजूर करणे न करणे हा सर्वस्वी बँकेचा अधिकार राहतो. दरखास्त नामंजूर झालेल्या तरुणाची जी निराशा होते, तिचे मूळ बहुधा ही गोष्ट त्याला आरंभी कोणी स्पष्ट न सांगण्यात असते.

शिकवून उद्योजक घडतो काय, या वादातील एक जुने उदाहरण चिंतनीय आहे. १९६४ साली अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांच्या योजनेनुसार आंध्रातील काकिनाडा येथील ५२ व्यावसायिकांना हैदराबादच्या लघुउद्योग प्रशिक्षण संस्थेत सुमारे दहा दिवसांचे शिक्षण देण्यात आले, आणि पुढील दोन वर्षांत त्यांच्यातील कितीतरी जणांनी, प्रशिक्षण न मिळालेल्यांच्या मानाने, आपला व्यवसाय अधिक वाढविला. हा प्रयोग सांगणारे एक गोष्ट मात्र गाळतात, ती ही की, ती माणसे आधीपासूनच धंद्यात मुरलेली होती. हातात कसब आणि डोक्यात बाजारभाव असलेल्या माणसाला दहा दिवसांनी बळ येते; ज्याने अद्याप एक वस्तूही विकलेली नाही, त्याच्या बाबतीत तितकी खात्री मला देता येत नाही.

म्हणून मोहाडी-आंधळगावचा, दुसऱ्याच्या मागावर मजुरीने कोशाचे वस्त्र विणणारा कोष्टी मला या दाखल्याचा खरा अधिकारी वाटतो. तो स्वतःचा माग घालू म्हणेल, तर त्याची अडचण मागाच्या किमतीत नाही, कच्च्या मालात अडकणाऱ्या पैशात आहे. आपल्या रानात ढिवर बंधू येनाच्या झाडांवर कोशाचे किडे पोसतात. पावसाळ्यापासून हिवाळ्याच्या तोंडापर्यंत कोसा निघतो आणि तेव्हाच तो खरेदी करून ठेवावा लागतो. पुढे तो उकळायचा, सूत काढायचे, करवती किनारीचे लुगडे संथपणे विणायचे, आणि गिऱ्हाईक भेटून पैसा परत यायचा. या सगळ्या काळात पैसा कोशात अडकून पडलेला! योजनेच्या प्रकल्पखर्चात मात्र यंत्रसामग्रीबरोबर खेळत्या भांडवलाचे एकच आवर्तन धरतात. ते आवर्तन किती महिन्यांचे, हे ज्याने प्रकल्प-अहवालात नीट मांडले तो तगतो; ज्याने दुसऱ्याचा छापील अहवाल नक्कल करून जोडला, त्याचा माग पहिल्याच वर्षी सावकाराच्या दारी जातो. प्रशिक्षणाच्या वर्गात हे एकच कोष्टक स्वतःच्या धंद्यापुरते बिनचूक मांडता आले, तरी बुडालेली मजुरी भरून निघाली असे मी समजेन.

तेव्हा तरुण मित्रांनो, वर्गात नाव घालण्यापूर्वी निदान एक हंगाम आपल्या धंद्याचा रोजमेळ लिहा, आणि तो वर्गात बरोबर न्या. आणि प्रशिक्षण देणाऱ्या संस्थांच्या चालकांना माझी कळकळीची विनंती आहे की, आमच्या भागातील वर्ग धानकापणी आटोपल्यानंतर आणि उन्हाळ्यातील तेंदूपानाचा हंगाम लागण्यापूर्वी भरवावेत, आणि शक्य तर ते करडीसारख्या गावीच भरवावेत.